गेल्या हिवाळ्यातला स्वेटर यंदा बाळाला आखूड का होतो?

लातूर जिल्ह्यातल्या औशात हिवाळ्यात सकाळी थंडी बोचते आणि दुपारी ऊन तापतं. थंडी पडली की पेटीतून मागच्या वर्षीचा स्वेटर निघतो, पण बाळाला तो बसतच नाही.

यात स्वेटर आटलेला नसतो. जन्मताना साधारण 50 सेंटिमीटरचं बाळ पहिल्या वाढदिवसापर्यंत 75 सेंटिमीटरच्या आसपास पोचतं, वजन जवळपास तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षी उंचीत आणखी सुमारे 12 सेंटिमीटरची भर पडते. पुढे हा वेग कमी होतो.

मग तोच स्वेटर ओढूनताणून घालावा का? नको. ऊब टिकते ती कपड्यात अडकलेल्या हवेमुळे. घट्ट कपड्यात हवेला जागाच उरत नाही. आजीची कुंची इथंच कामाला येते. तिला बाह्या नसतात, त्यामुळे मूल वाढलं तरी ती लगेच आखूड होत नाही.

एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे घाला, म्हणजे दुपारी एकेक काढता येतात. मोठ्यांपेक्षा एक थर जास्त, एवढं पुरतं. बाळाचे हात-पाय गार लागले म्हणून घाबरू नका, मानेला किंवा पोटाला हात लावून बघा. घाम असेल तर एक कपडा कमी करा.

तान्ह्या बाळाला झोपवताना टोपी काढा, गोधडी तोंडावर येऊ देऊ नका. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर नकोच. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेऊ शकतो.

आणि तो आखूड झालेला स्वेटर? धुऊन ठेवा, घरातल्या पुढच्या बाळाला होईल.