‘कळली नाही, पण वाचून पाहा!’

प्रायोगिक कादंबरीचा प्रसार जाहिरातीपेक्षा वाचकाच्या शब्दावर अधिक अवलंबून असतो. पण जिची गोष्ट दोन वाक्यांत सांगता येत नाही, अशी कादंबरी दुसऱ्याला सुचवायची तरी कशी? वाचकांच्या आपसांतील या देवाणघेवाणीचा आणि त्यातून टिकून राहिलेल्या साहित्याचा हा वेध.

ग्रंथालयाच्या देवघेव खिडकीपाशी, महाविद्यालयाच्या कट्ट्यावर किंवा ग्रंथप्रदर्शनात एक प्रश्न हमखास ऐकू येतो : ‘सध्या काय वाचताय?’ उत्तरादाखल रहस्यकथेचे किंवा चरित्राचे नाव आले, तर पुढचे बोलणे सोपे असते. परंतु उत्तर ‘एन्कीच्या राज्यात’ किंवा ‘कळ’ असे आले, की विचारणारा थबकतो. ‘कशावर आहे?’ या पुढच्या प्रश्नाला सांगणाऱ्याकडे सरळ उत्तर नसते. तो थोडा अडखळतो आणि शेवटी म्हणतो, ‘सगळी कळली असे नाही, पण वाचून पाहा.’ प्रायोगिक साहित्याची बहुतेक शिफारस अशाच अडखळत्या शब्दांत होत आली आहे आणि त्या साहित्याचे आयुष्यही बऱ्याच अंशी तिच्यावरच अवलंबून राहिले आहे.

प्रयोग नेमका कशाचा?

‘प्रायोगिक’ हा शब्द अनेकदा ‘दुर्बोध’ या अर्थाने वापरला जातो. ते बरोबर नाही. कादंबरी वाचताना वाचक काही गोष्टी गृहीत धरतो. घटना क्रमाने घडतील, निवेदक विश्वासू असेल, भाषा नीटनेटकी असेल आणि शेवटी काहीतरी उलगडेल, अशी त्याची अपेक्षा असते. यांपैकी एखादे गृहीत लेखक जाणूनबुजून बाजूला ठेवतो, तेव्हा तो प्रयोग ठरतो. कोणते गृहीत मोडले आहे, हे ध्यानात आले की निम्मी अडचण दूर होते.

मराठीत याची उदाहरणे जुनी आहेत. बा. सी. मर्ढेकर यांनी ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) या कादंबरीत संज्ञाप्रवाहाचे तंत्र वापरले. बाह्य घटनांपेक्षा मनात उमटत जाणाऱ्या विचारांच्या ओघाला तेथे महत्त्व आले. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ने (१९६३) नायकाची आणि भाषेची कल्पनाच बदलली. खानदेशातून पुण्याला शिकायला आलेला आणि हाती काही न लागता गावी परतणारा पांडुरंग सांगवीकर रूढ अर्थाने नायक नव्हताच. त्याच्या तोंडचे ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे शब्द पुढे तरुणांच्या बोलण्यातही शिरले. भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’ने (१९६५) मुंबईच्या नाक्यावरची बोली जशीच्या तशी पुस्तकात आणली आणि मोठे वादळ ओढवून घेतले.

किरण नगरकर यांच्या ‘सात सक्कं त्रेचाळीस’मध्ये (१९७४) काळाचा क्रमच मोडला आहे. पाढा चुकवणारे शीर्षकच वाचकाला सावध करते, की येथे हिशेब जुळणार नाही. विलास सारंग यांनी ‘एन्कीच्या राज्यात’ (१९८३) या कादंबरीत मराठी माणसाला इराकच्या भूमीवर नेऊन त्याचे परकेपण रेखाटले. श्याम मनोहर यांनी तर कथानकाऐवजी विचार आणि कुतूहल यांनाच कादंबरीचे द्रव्य केले. त्यांच्या ‘उत्सुकतेने मी झोपलो’ या कादंबरीला २००८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

या हातातून त्या हातात

अशा पुस्तकांना मोठा वाचकवर्ग आरंभी क्वचितच मिळतो. जेम्स जॉइस यांची ‘युलिसीस’ १९२२ मध्ये पॅरिसमधील सिल्व्हिया बीच या अमेरिकन पुस्तकविक्रेतीने प्रसिद्ध केली, ती आगाऊ नोंदणी करणाऱ्या ग्राहकांच्या बळावर. पहिली आवृत्ती अवघ्या एक हजार प्रतींची होती. अमेरिकेत तिच्यावर बंदी होती आणि १९३३ मधील न्यायालयीन निकालानंतरच ती उठली. मधल्या काळात वाचकांनी प्रती लपवून नेल्या आणि एकमेकांना दिल्या. पुस्तक जिवंत राहिले त्यात या वाचकांचा वाटा मोठा होता.

महाराष्ट्रात हेच काम वेगळ्या रीतीने लघु-अनियतकालिकांनी केले. साधारण १९५५ ते १९७५ या काळात ‘शब्द’, ‘असो’, ‘वाचा’ यांसारखी अंके निघाली. प्रती थोड्या, पैसा त्याहून थोडा आणि वितरण म्हणजे ओळखीच्या माणसाच्या हाती अंक देणे. प्रस्थापित मासिकांत न मावणारे लेखन या वाटेने वाचकांपर्यंत पोहोचले. वाचणारा आणि लिहिणारा यांच्यातील अंतर तेथे फारसे उरले नव्हते. कालचा वाचक उद्याच्या अंकात लेखक म्हणून दिसे.

दोन तट आणि त्यांचे म्हणणे

प्रायोगिक कादंबरीवर वाचक बोलू लागले, की साधारणपणे दोन तट पडतात. एका तटाचे म्हणणे असे, की ज्याला गोष्ट सांगता येत नाही तो प्रयोगाचा आडोसा घेतो. पानेच्या पाने वाचूनही काही हाती लागत नसेल, तर दोष वाचकाचा का मानायचा? दुसऱ्या तटाचे म्हणणे असे, की आयुष्यच जर सरळ रेषेत घडत नाही, तर कादंबरीने ती सरळ रेषा खोटी का आखावी?

दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. प्रत्येक प्रयोग यशस्वी होत नाही. काही प्रयोग केवळ चलाखी ठरतात. फ्रेंच लेखक जॉर्ज पेरेक यांनी १९६९ मध्ये ‘ई’ हे अक्षर एकदाही न वापरता संपूर्ण कादंबरी लिहिली. फ्रेंचमधील ते सर्वाधिक वापरले जाणारे अक्षर. ही कसरत म्हणूनच पाहिली, तर कौतुक करून पुस्तक मिटता येते. पण पेरेक यांचे वडील युद्धात मारले गेले आणि आईला नाझींनी छळछावणीत धाडले, हे कळल्यावर त्या नाहीशा झालेल्या अक्षराकडे पाहण्याची दृष्टी बदलते. प्रयोगामागे गरज आहे की केवळ हौस, हे ओळखण्याची खूण बहुधा अशीच असते. तंत्र काढून घेतले, तर त्याबरोबर आशयही जातो का, हे पाहावे.

कोणाला काय सुचवावे?

जाणत्या वाचकांच्या शिफारशींत एक शहाणपण आढळते. ते सर्वांत अवघड पुस्तक आधी पुढे करीत नाहीत. पोहायला शिकणाऱ्याला कोणी थेट डोहात ढकलत नाही, तसेच हे आहे.

नव्या वाचकासाठी ‘कोसला’ हा आजही चांगला प्रारंभ ठरतो. प्रयोग असूनही तिच्यात विनोद आहे, ओळखीचे वसतिगृह आहे आणि धाकट्या बहिणीच्या मृत्यूचे खोल दुःख आहे. एकाच बैठकीत वाचून होईल असे काही हवे असल्यास कमल देसाई यांच्या ‘काळा सूर्य’ आणि ‘हॅट घालणारी बाई’ या लघुकादंबऱ्या आहेत. स्त्रीच्या बंडाला त्यांनी दिलेले रूप वास्तवाच्या चौकटीत बसत नाही, म्हणूनच ते लक्षात राहते. ज्याला बोलण्यातील गंमत आणि तत्त्वचिंतन एकत्र रुचते, त्याला श्याम मनोहर. ज्याला तुकड्यातुकड्यांतून आयुष्य जुळवण्याची तयारी आहे, त्याला नगरकर. अलीकडच्या पिढीतले वाचायचे असल्यास अवधूत डोंगरे यांची ‘स्वतःला फालतू समजण्याची गोष्ट’ आहे; तिला २०१४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार लाभला.

‘कोसला’च्याच वर्षी, १९६३ मध्ये, अर्जेंटिनाचे हुलिओ कोर्तासार यांची ‘रायुएला’ प्रसिद्ध झाली. घरे आखून लंगडत खेळायच्या ठिकरीच्या खेळाचे हे स्पॅनिश नाव. कादंबरीत १५५ प्रकरणे आहेत. पहिली ५६ सरळ वाचून थांबता येते किंवा लेखकाने दिलेल्या क्रमाने ७३ व्या प्रकरणापासून आरंभ करून उड्या मारत जाता येते. निर्मितीत सहभागी होणारा, लेखकाचा साथीदार असा वाचक कोर्तासार यांना हवा होता. कोणत्या वाटेने वाचले, हे सांगितल्याखेरीज या पुस्तकावर दोन वाचकांचे बोलणेच होऊ शकत नाही.

शिफारशीची जबाबदारी

येथे एक गोष्ट विसरून चालत नाही. चुकीच्या वेळी, चुकीच्या माणसाला दिलेले एक पुस्तक त्याला या सगळ्या साहित्यापासून कायमचे दूर करू शकते. ‘हे तुला झेपणार नाही’ अशा सुरातली शिफारस तर त्याहून वाईट. त्यामुळे वाचक घटत जातो आणि उरलेल्यांचे एक बंदिस्त वर्तुळ तयार होते.

याचा परिणाम पुस्तकांवरही होतो. ज्या पुस्तकाची मागणी होत नाही, त्याची पुढची आवृत्ती निघणे अवघड होते. ग्रंथालयात ते मागच्या कपाटात जाते आणि हळूहळू विस्मरणात. मर्ढेकरांच्या कविता सर्वांना ठाऊक असतात, पण त्यांच्या कादंबऱ्या वाचलेला वाचक शोधावा लागतो, तो यामुळेच. उलट एखाद्याने आवर्जून नाव घेतले, आपली प्रत दिली, पंधरा दिवसांनी ‘कुठपर्यंत आलात?’ असे विचारले, तर तेच पुस्तक पुन्हा फिरू लागते.

चांगल्या शिफारशीला म्हणूनच फार काही लागत नाही. पुस्तकात कोणते गृहीत मोडले आहे, ते आधी सांगावे. कुठे अडखळायला होईल, तेही लपवू नये. आणि आपल्याला ते का आवडले, याचे एखादे ठोस कारण, एखादा प्रसंग, एखादे पात्र सांगावे. नाही आवडले तर परत करण्याची मोकळीकही द्यावी. ‘कळली नाही’ अशी प्रांजळ कबुली देऊनही ‘वाचून पाहा’ म्हणणारा वाचक जोवर आहे, तोवर या पुस्तकांना कपाटाबाहेरची वाट मिळत राहील.