गावातली खरेदी : समज आणि हिशेब

गडचांदूरच्या बाजारात पैसा मुख्यतः दोन वाटांनी येतो. एक सिमेंट कारखान्यांच्या पगाराची : गावचं माणिकगड, शेजारचं आवाळपूर, उपरवाही. दुसरी कापूस-सोयाबीनची. त्यातला किती पैसा इथे फिरतो, हे खरेदी कुठे होते यावर ठरतं. पण गावच्या दुकानांबद्दल गैरसमज बरेच आहेत, त्यांच्या बाजूचेही आणि विरोधातलेही.

गैरसमज १ : गावातलं दुकान महागच.
वस्तुस्थिती : एमआरपी ही कमाल किंमत असते, तीही सगळे कर धरून. तिच्याहून कमी घ्यायला दुकानदाराला कोणी अडवत नाही. पाकिटांची तुलना प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो दरानं करावी. राजुऱ्यावरून चंद्रपूरला जाण्यायेण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी धरली, की थोड्या किराण्यात वाचलेले रुपये तिथेच संपतात. मोबाइल, फ्रिज मात्र बाहेर खरोखर स्वस्त मिळू शकतात.

गैरसमज २ : गावात खर्चलेला रुपया गावातच राहतो.
वस्तुस्थिती : काही भागच राहतो. शिकागोच्या अँडरसनव्हिल भागात २००४ साली झालेल्या अभ्यासात, स्थानिक मालकीच्या व्यवसायात खर्चलेल्या १०० डॉलरपैकी ६८ तिथल्या अर्थव्यवस्थेत राहिले; साखळी दुकानांत ४३. आकडे अमेरिकेचे आहेत, पण कारण इथेही तेच : मालकाचा नफा, नोकराचा पगार, गावातल्याच माणसाकडून करून घेतलेली कामं. बिस्किटाच्या पुड्यावर गावाला फक्त दुकानदाराचं मार्जिन मिळतं. गुजरीत शेजारच्या गावची वांगी किंवा बुरडाकडून सूप घेतलं, तर बहुतेक रक्कम पिकवणाऱ्याच्या, विणणाऱ्याच्या हातात जाते.

गैरसमज ३ : ऑनलाइन खरेदीचा कर परराज्यात जातो.
वस्तुस्थिती : जीएसटी माल जिथे वापरला जातो तिथला कर आहे. गडचांदूरच्या पत्त्यावर आलेल्या मालातला राज्याचा वाटा महाराष्ट्रालाच मिळतो. बाहेर जातो तो नफा आणि रोजगार.

गैरसमज ४ : बिल मागितलं की भाव वाढतो, आणि बिलावर जीएसटी नसेल तर दुकानदार करचुकवा.
वस्तुस्थिती : फक्त मालाची विक्री असेल, तर वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. दीड कोटीपर्यंत कंपोझिशन योजना घेता येते. त्यातला व्यापारी गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेऊच शकत नाही. मात्र बिल नाकारणं किंवा सदोष वस्तू परत न घेणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल, तर ती ३० दिवस धरली जाते. तक्रारीसाठी क्रमांक १९१५.

गैरसमज ५ : उधारी फुकट असते.
वस्तुस्थिती : दुकानदाराचं भांडवल त्यात अडकतं आणि तो खर्च भावात कुठेतरी उतरतोच. म्हणून रोख देणाऱ्यानं सूट मागायला लाजू नये. पण ज्याच्याकडे पगाराची पावती नाही, त्याला कापूस विकेपर्यंत तेल-मीठ देणारी वही दुसरीकडे मिळत नाही. वस्तू, रक्कम, तारीख दोघांनीही लिहून ठेवावी.

तेव्हा खरेदीआधी तीन गोष्टी पाहाव्यात : माल कुठला, मालक कुठला, कामाला माणूस कुठला. भाजी, शिलाई, दुरुस्ती, बांबूकाम यांत तिन्हींचं उत्तर बहुधा ‘इथलाच’ येतं. ही खरेदी आधी गावात करावी. बाकीची भाव पाहून आणि बिल घेऊन.