नवेगावबांध : निसर्गामागील श्रम

गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांधला जाणारा प्रवासी निसर्ग पाहण्यासाठी म्हणून जातो. टेकड्यांच्या कुशीतला विस्तीर्ण जलाशय, भोवतालचे अरण्य आणि हिवाळ्यात उतरणारे पाणपक्ष्यांचे थवे पाहून तो तृप्त मनाने परततो. मारुती चितमपल्ली यांच्या लेखनामुळे हा परिसर मराठी वाचकाच्या परिचयाचा झाला आहे. १९७५ साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले. २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. तथापि येथील तलाव निसर्गाने नव्हे, माणसाने निर्माण केला आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही.

हा बांध कोलू पाटील कोहळी यांनी घातला, असे परंपरा सांगते. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हातखंडा होता. धानाच्या शेतीसाठी पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आणि बोड्या निर्माण झाल्या. पुढे ते मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले. पाळ दुरुस्त करणे, गाळ काढणे, पाण्याची वाटणी करणे ही कामे गावाच्या श्रमांवर चालत. ती व्यवस्था न्याय्य होती असे मुळीच नाही. मालगुजाराची सत्ता आणि वेठीचे ओझे तिच्यात होतेच. म्हणून १९५१ च्या सुमारास मालगुजारी नष्ट झाली, हे योग्यच झाले. परंतु त्याबरोबर तलाव सरकारजमा झाले आणि गावाचा हक्क क्षीण होताच गावाची जबाबदारीही संपली. गाळ साचला, पाळी खचल्या, बेशरमीच्या झुडपांनी काठ व्यापले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने यात नवल नाही. सामायिक साधनसंपत्ती सांभाळण्यास खाजगी मालकी किंवा सरकारी नियंत्रण हे दोनच मार्ग आहेत, हा समज एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी खोडून काढला. २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते याच कार्यासाठी. उपभोग घेणाऱ्यांनीच नियम ठरवले आणि ते पाळले जातात की नाही यावर देखरेख ठेवली, तर अशी संपत्ती पिढ्यानपिढ्या टिकते. याच परिसरातील काही गावांत ढीवर समाजाच्या स्त्री-पुरुषांनी बेशरम उपटून तलावांत देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. या वनस्पतींच्या आश्रयाने मासे वाढतात आणि पक्षी येतात, हे ज्ञान त्यांच्यापाशी होतेच. उणीव होती ती अधिकाराची.

सारस पक्ष्याचे उदाहरण याहून बोलके आहे. महाराष्ट्रात उरलेले मोजके सारस मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात आहेत आणि ते राखीव अरण्यापेक्षा शेतकऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत व गावतलावांच्या काठी घरटी करतात. उद्यानाची सीमा कितीही कडक केली, तरी त्यांचे भवितव्य त्या शेतकऱ्याच्याच हाती राहणार.

तात्पर्य, संरक्षण म्हणजे केवळ मनाई नव्हे. वाघासाठी निर्मनुष्य अरण्य आवश्यक असेल. तलावाला मात्र माणसाचा हात लागतो. पर्यटकांकडून मिळणाऱ्या उत्पन्नाचा निश्चित वाटा भोवतालच्या ग्रामसभांना व मच्छीमार संस्थांना तलावाच्या निगराणीचे मोल म्हणून मिळाला पाहिजे, आणि त्यासोबत निर्णयाचा अधिकारही. हे दान नव्हे, श्रमाचा मोबदला आहे. तो नाकारला, तर पुढच्या पिढीला नवेगावला प्रवेशपत्रिका मिळेल, पण त्या पत्रिकेवर पाहण्यासारखा तलाव उरेलच, याची शाश्वती नाही.