लिपिड प्रोफाइल: कागदावर आधी काय पाहाल?

रक्त परंड्यात द्या की बार्शीला जाऊन, रिपोर्ट आला की नजर आधी ‘टोटल कोलेस्टेरॉल’वर जाते. पाहावं ते एलडीएल. धमन्यांच्या भिंतीत चरबी साचवतं ते हेच.

कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये भारतीयांसाठी मर्यादा आखून दिल्या. धोका कमी असेल तर एलडीएल १०० मिलीग्रॅमच्या आत, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असेल तर ७० च्या आत, हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर ५५ च्या आत. त्यामुळे छापील ‘नॉर्मल’वर विसंबून राहू नये.

पुष्कळदा एलडीएल थेट मोजलेलं नसतं, १९७२ च्या फ्रीडवाल्ड सूत्राने काढलेलं असतं. टोटल २१०, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड २६० असेल, तर २१० मधून ३८ आणि २६० चा पाचवा भाग, म्हणजे ५२, वजा करायचे. उरले १२०. ट्रायग्लिसराइड ४०० च्या पुढे गेलं की हे गणित फसतं. फारच वाढलं तर नळीतलं सीरम चक्क दुधाळ दिसतं.

पहिल्या तपासणीला उपाशीपोटी जायलाच हवं असं आता नाही. आणि करडीच्या तेलाच्या डब्यावरचं ‘कोलेस्टेरॉल फ्री’? कुठल्याही वनस्पती तेलात ते जवळपास नसतंच.