मांजराची लस : एक गृहकर्तव्य

वाघाची मावशी म्हणून आपण मांजराचा गौरव करतो, षष्ठीदेवीचे वाहन म्हणून त्यास मान देतो आणि उंदरांच्या बंदोबस्तासाठी घरात आश्रयही देतो. परंतु त्याच्या आरोग्याचा विषय निघाला की, 'मांजराला कसली आली आहे लस!' असे उद्गार सुशिक्षित घरांतूनही ऐकू येतात. कुत्र्याला लस टोचावी हे बहुतेकांस पटले आहे. मांजर मात्र दैवावर सोडले जाते.

बेळगावकर वाचकांना टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपो ठाऊक आहे. देवीची लस तेथे तयार होत असे. १७९६ साली एडवर्ड जेन्नर यांनी दाखविलेल्या मार्गाने जाऊन मानवाने देवीचा रोग जगातून हद्दपार केला; १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने तसे जाहीर केले. रोग येण्यापूर्वीच शरीराला त्याची ओळख करून द्यावी, हे लसीचे तत्त्व माणसाप्रमाणेच मांजरालाही लागू पडते.

मांजरांसाठी अत्यावश्यक मानलेल्या लसी चार रोगांविरुद्ध आहेत. त्यांतील पहिला पॅनल्युकोपेनिया. यात रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटतात. वांत्या, जुलाब व ग्लानी येऊन पिल्लू एक-दोन दिवसांतही दगावते. घरची मंडळी समजतात, कोणी विष घातले असावे! याचे विषाणू जमिनीवर वर्षभरही टिकू शकतात आणि आपल्या पादत्राणांबरोबर घरात येतात. म्हणून 'आमचे मांजर उंबरठा ओलांडत नाही' हा युक्तिवाद लंगडा ठरतो.

दुसरा व तिसरा रोग श्वासमार्गाचे. हर्पीस विषाणूमुळे शिंका येतात, डोळे चिकटतात. एकदा शिरलेला हा विषाणू शरीरात जन्मभर दडून राहतो. कॅलिसी विषाणूमुळे जिभेवर व्रण पडतात, लाळ गळते, अन्न सुटते. या दोहोंविरुद्धची लस रोग पूर्णपणे टाळतेच असे नाही, पण त्याची तीव्रता निश्चित कमी करते. हे तिन्ही रोग माणसास होत नाहीत.

चौथा मात्र घरातल्या सर्वांचा वैरी : रेबीज. पिसाळलेल्या प्राण्याने चावा घेतला की मांजरही पिसाळते. लक्षणे प्रकट झाल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो, माणसाचाही. लुई पाश्चर यांनी १८८५ साली जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास लस टोचली, ती लक्षणे दिसण्यापूर्वी. म्हणूनच तो वाचला. शाळेत आम्ही पाहतो, मुले गल्लीतली पिल्ले कौतुकाने उचलतात आणि ओरखडा उठला तर बोलणी बसतील म्हणून तो लपवितात. पालकांनी अशा वेळी रागावू नये. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

आता लसींचे वेळापत्रक. पहिल्या तीन रोगांची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात प्रथम देतात व पिल्लू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा देतात. एकाच टोचणीने का भागत नाही? आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती पिल्लाचे रक्षण करते, पण तीच लसीलाही निष्प्रभ करते. ती केव्हा ओसरेल हे प्रत्येक पिल्लागणिक निराळे असते. पुढे वर्षाच्या आत एक आणि मग सामान्यतः तीन वर्षांनी एक मात्रा पुरते. रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर, पुन्हा वर्षाने व त्यानंतर पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे द्यावी. टोचल्यावर दिवसभर मांजर मलूल दिसले तर घाबरू नये. तोंड सुजले किंवा धाप लागली तर मात्र तत्काळ दवाखाना गाठावा.

मांजर आपले दुखणे बोलून दाखवीत नाही. उलट कोपऱ्यात जाऊन लपते. ज्याला आपण दूधभात घालतो, त्याच्या टोचणीची तारीखही घरातील कालनिर्णयावर नोंदलेली असावी. त्यात त्या मुक्या जिवाचे रक्षण आहे, तसेच त्याला उराशी धरणाऱ्या आपल्या लेकरांचेही.