खुन्याचे तर्कचित्र

खुनाच्या तपासाशी आमचा काय संबंध, असे आपल्या मनात आले असेल. आमचे आयुष्य गिरणीच्या दारात आणि नुकसानभरपाईचे अर्ज लिहिण्यात गेले. पण कृत्यावरून अज्ञात गुन्हेगाराचे चित्र रेखाटण्याची जी विद्या आहे, जिला प्रोफायलिंग म्हणतात, तिची सर्वांत गाजलेली कथा अशाच एका अर्जापाशी येऊन थांबते. म्हणून ती सांगण्याचे धाडस करतो.

१९३१ साली न्यूयॉर्कच्या एका वीजकेंद्रात जॉर्ज मेटेस्की हा कामगार बॉयलरमधून उसळलेल्या तप्त वायूने जखमी झाला. फुप्फुसे कायमची गेली, ही त्याची तक्रार. काही महिने पगार मिळाला, मग नोकरी गेली. भरपाईचा अर्ज मुदतीनंतर आला म्हणून फेटाळला गेला. अपिलेही फेटाळली गेली. (मुदतबाह्य! हा शेरा आम्ही इतक्या अर्जांवर वाचला आहे की कागद उलटण्यापूर्वीच तो दिसू लागतो.) १९४० पासून शहरात बॉम्ब सापडू लागले. युद्धकाळात देशभक्तीपोटी थांबतो असे पत्र त्याने धाडले आणि शब्द पाळला. १९५१ पासून पुन्हा रेल्वेस्थानके, चित्रपटगृहे! एकंदर ३३ बॉम्ब, त्यांतले २२ फुटले, १५ माणसे जखमी झाली. कोणी मेले नाही हे दैव. त्याच्या दुःखाची आम्हांला कणव आहे; पण प्रेक्षकांच्या खुर्च्या फाडून त्यांत बॉम्ब दडवणाऱ्याला कामगारांचा कैवारी आम्ही म्हणणार नाही.

१९५६ च्या अखेरीस पोलीस डॉ. जेम्स ब्रसेल या मनोविकारतज्ज्ञाकडे गेले. डॉक्टरांनी पत्रे पाहिली. अक्षर कोरल्यासारखे, म्हणजे माणूस नेटका व कुशल कारागीर. एकाच कंपनीवर वर्षानुवर्षे राग, म्हणजे संशयविकार. तो प्रौढपणी बळावतो, म्हणून वय मध्यम. भाषा अवघडलेली, म्हणजे परक्या वळणाच्या घरातला. एका अक्षराच्या गोलाईवरून तर त्यांनी त्याचे आईवरचे प्रेमही काढले! इथे आम्ही हात जोडतो. पकडाल तेव्हा अंगात बटणे लावलेला डबल-ब्रेस्टेड कोट असेल, हेही त्यांनी सांगितल्याची आख्यायिका आहे.

पण माणूस सापडला कसा? हे चित्र छापून आणा, असा डॉक्टरांचा आग्रह होता, आणि त्यांचे खरे श्रेय इथे आहे. पाठोपाठ एका वृत्तपत्राने त्याला जाहीर पत्र लिहिले. तो उत्तरे देऊ लागला, आपली दुखापत सांगू लागला. जानेवारी १९५७ मध्ये कंपनीच्या एका कारकून बाईंनी भरपाईच्या जुन्या फायली चाळताना 'अन्याय', 'कायमचे अपंगत्व' हे पत्रांतले शब्द ओळखले. त्या फायलीवर नाव होते आणि पत्ताही. वृत्तपत्रात छापलेल्या चित्रात वय चाळीस ते पन्नास होते. मेटेस्की ५३ वर्षांचा निघाला. चुकलेले अंदाज लोक विसरले, कोट तेवढा लक्षात राहिला.

१९७२ मध्ये एफबीआयने वर्तनशास्त्राचा विभाग काढला. तेथल्या मंडळींनी तुरुंगातील ३६ लैंगिक खुन्यांच्या मुलाखती घेतल्या. हत्यार बरोबर आणले की तिथलेच उचलले? प्रेत लपवले की टाकून दिले? तयारीने आलेला तो योजनाबद्ध, गोंधळ माजवणारा तो अस्ताव्यस्त, अशी त्यांची विभागणी. प्रत्यक्षात एकाच खुनात दोन्ही खुणा बहुधा मिसळलेल्या असतात. हजार संशयितांतून आधी कोणाकडे जावे, एवढे अशा चित्राने कळू शकते; याच माणसाने खून केला, हे त्याने ठरत नाही.

हा फरक विसरल्याची किंमत लंडनने मोजली. १९९२ च्या जुलैत विंबल्डन कॉमन या मोकळ्या माळावर एका तरुण आईचा तिच्या लहानग्या मुलासमोर खून झाला. मानसशास्त्रज्ञाने चित्र काढले. जवळच राहणारा एक बेकार तरुण त्यात बसला. पुरावा नव्हता. तेव्हा वेष पालटलेल्या पोलीस स्त्रीने महिनोन् महिने त्याच्याशी सलगी केली, कबुली काढण्यासाठी. त्याने ती दिली नाही. तरी ऑगस्ट १९९३ मध्ये त्याला आरोपी करून कोठडीत डांबले. तो आत असतानाच, नोव्हेंबरात, खऱ्या खुन्याने दुसऱ्या एका बाईला आणि तिच्या चार वर्षांच्या मुलीला त्यांच्याच घरात मारले. सप्टेंबर १९९४ मध्ये न्यायाधीशांनी तो सापळ्याचा पुरावा झिडकारला आणि तरुण सुटला. विंबल्डनचा खरा गुन्हेगार डीएनए चाचणीने उघड होऊन दोषी ठरला तो डिसेंबर २००८ मध्ये. त्याच वर्षी त्या तरुणालाही भरपाई मिळाली, सात लाखांहून अधिक पौंड.