पांखरांचीं छायाचित्रें आणि हौशी छायाचित्रकार

नवा कॅमेरा घरांत आला म्हणजे पहिल्या रविवारीं काय घडतें, हें श्रोत्यांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. गृहस्थ पहांटे उठून गांवाबाहेरच्या तळ्यावर जातात, दोन-तीनशें चित्रें घेऊन उन्हें चढल्यावर परततात, आणि घरांतील मंडळी भोंवतीं जमल्यावर पडद्यावर दिसते ती बाभळीची एक फांदी व तिच्यावर एक निळसर ठिपका. हा ठिपका म्हणजे खंड्या, असें तोंडानें सांगावें लागतें. मंडळी मान डोलावतात. पण गृहस्थांचा विरस झालेला असतो, आणि त्या विरसांतून निष्कर्ष निघतो कीं, कॅमेरा हलका पडला, याहून भारी घ्यावयास हवा होता. हा निष्कर्ष बहुधा चुकीचा असतो. दोष कॅमेऱ्याचा नसून अंतराचा असतो, आणि अंतराचें गणित चौथी-पांचवींतल्या त्रैराशिकाहून अवघड नाहीं.

चिमणी चोंचीपासून शेपटीपर्यंत सुमारें १५ सेंटिमीटर भरते. ती १० मीटरांवर बसली आहे आणि कॅमेऱ्यास ५० मिलिमीटर केंद्रांतराची साधी लेन्स लाविली आहे, असें समजूं. कॅमेऱ्याच्या आंत उमटणारी तिची प्रतिमा अवघी पाऊण मिलिमीटर लांब येते. जुन्या फिल्मच्या मापाचा प्रकाशग्राही पट ३६ मिलिमीटर रुंद व २४ मिलिमीटर उंच असतो. तेवढ्या अंगणांत पाऊण मिलिमीटराची चिमणी म्हणजे ठिपका नव्हे तर काय? त्याच जागेवरून ४०० मिलिमीटरची लेन्स लाविल्यास प्रतिमा ६ मिलिमीटर होते. आणि ती लेन्स तशीच ठेवून मनुष्य ५ मीटरांवर पोंचला, तर १२ मिलिमीटर, म्हणजे पटाची निम्मी उंची. केंद्रांतर दुप्पट करणें आणि अंतर निम्में करणें या दोहोंचें फळ एकच आहे. पहिल्यास पैसा लागतो, दुसऱ्यास बैठक लागते.

पैसा किती लागतो तेंही पाहण्यासारखें आहे. लेन्सवर ५.६, ४, २.८ असे आंकडे लिहिलेले असतात. केंद्रांतरास छिद्राच्या व्यासानें भागिलें म्हणजे हा आंकडा येतो. म्हणून आंकडा लहान तितकें छिद्र मोठें. ४०० मिलिमीटरच्या लेन्सला ५.६ हा आंकडा मिळण्यास सुमारें ७१ मिलिमीटर व्यासाचें छिद्र पुरतें, परंतु २.८ मिळविण्यास १४३ मिलिमीटर रुंदीची निर्दोष कांच घडवावी लागते. प्रकाश चौपट येतो खरा. पण वजन खांदा मोडणारें आणि किंमत एखाद्या मोटारीएवढी होऊन बसते. हौशी मनुष्यास तिची गरज नाहीं. ३०० ते ४०० मिलिमीटरपर्यंत जाणारी साधी झूम लेन्स, आणि पूर्ण मापापेक्षां लहान पटाचा, जेथें चौकट दीडपट आंवळून येते असा, कॅमेरा, एवढ्या सामग्रीवर वर्षानुवर्षें काम भागतें. दुकानदार याउलट सांगेल. तो त्याचा धंदाच आहे. ज्यास फुलें आणि फुलपांखरें यांतच गोडी आहे, त्यानें तर प्रथम हातांतल्या दूरध्वनीचाच कॅमेरा वर्षभर राबवून पाहावा व मग खिशास हात घालावा.

उरला पैसा तिवईवर खर्च करावा, आणि तोही नसल्यास जुन्या पायजम्याच्या एका पायाची थैली शिवून तींत तूर किंवा मूग भरावे. मोटारीच्या खिडकीच्या कडेवर, कुंपणाच्या भिंतीवर वा तळ्याच्या बांधावर ही थैली टाकून तिच्यावर लेन्स टेकिली म्हणजे हाताचा कंप नाहींसा होतो. लेन्सचें केंद्रांतर जेवढें, तेवढ्या अंशाहून शटर सावकाश उघडूं नये, म्हणजे ४०० मिलिमीटरला निदान १/४०० सेकंद, हा जुना नियम हातीं धरलेल्या कॅमेऱ्यासाठीं आहे. आजच्या कॅमेऱ्यांत कंप सांवरणारी योजना असते व ती हाताचा थरकांप शोषून घेते. पांखराची हालचाल मात्र तिला थांबवितां येत नाहीं. बसल्या बुलबुलाची मान क्षणोक्षणीं वळत असते. उडत्या पांखरास तर १/२००० सेकंद लागतो.

जवळ जाण्याची विद्या कॅमेऱ्याइतकीच जुनी आहे. इंग्लंडांतील यॉर्कशायरचे रिचर्ड व चेरी कीर्टन हे दोघे बंधु १८९० नंतरच्या दशकांत कांचेच्या जड पट्ट्या आणि लांकडी कॅमेरा खांद्यावर वाहून रानोमाळ हिंडत. १८९२ मध्यें त्यांनीं अंड्यांसह घरट्याचें छायाचित्र घेतलें, आणि १८९५ मध्यें प्रत्यक्ष निसर्गांत घेतलेल्या छायाचित्रांनीं सजविलेलें पक्ष्यांच्या घरट्यांविषयींचें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांच्यापाशीं लांब पल्ल्याची आजची लेन्स नव्हती. म्हणून त्यांनीं बैलाचें कातडें आंतून पोकळ करून सांगाड्यावर चढविलें, आणि त्याच्या पोटांत शिरून कॅमेरा बाहेर रोंखला! युक्ति हास्यास्पद वाटेल, परंतु तींतलें तत्त्व पक्कें आहे. पांखरूं माणसाच्या आकारास व हालचालीस भितें. स्थिर वस्तूस तें लवकर सरावतें. नदीकांठीं फांद्यांचा व गोणपाटाचा आडोसा करून त्यांत पहांटेच्या आधीं जाऊन बसणें, हेंच आजही उत्तम लपण होय. शहरांतल्या घरास तर खिडकीच पुरे. उन्हाळ्यांत गॅलरींत पाण्याची परात ठेविली, तिच्याजवळ एक वाळकी फांदी उभी बांधली, आणि पडदा चार बोटें सरकवून आंत बसलें, कीं आठवड्याभरांत बुलबुल, दयाळ, शिंजीर त्या फांदीवर थांबूं लागतात. फांदीमागें भिंत नसून दूरची झाडी असावी, म्हणजे पार्श्वभाग आपोआप पुसट होतो. दृष्टि पांखराच्या डोळ्यावर ठेवावी. डोळा स्पष्ट असला तर पंख थोडा पुसट असलेला खपतो.

प्रकाशाविषयीं एकच गोष्ट सांगण्याजोगी आहे, कारण तिच्यांत नवशिके हटकून फसतात. कॅमेऱ्यांतील प्रकाशमापक समोरचें सर्व जग मध्यम करड्या रंगाचें आहे असें धरून चालतो. पांढऱ्या शुभ्र बगळ्यानें चौकट भरून गेली तर तो त्यास करडा करून टाकतो. तेव्हां प्रकाश वाढवावा लागतो. तोच बगळा लहान दिसत असून मागें काळेभोर पाणी असेल, तर मापक पाणी उजळावयास जातो आणि बगळ्याचीं पिसें जळून कोऱ्या कागदासारखीं होतात. तेव्हां प्रकाश कमी करावा. काळा कोतवाल उजळ आकाशापुढें तारेवर बसला असेल, तर भरपूर वाढवावा. एरवीं सकाळचे पहिले दोन तास आणि मावळतीचा तास यांहून दुसरी वेळ शोधूं नये. श्रावणांतील पातळ ढगांचा दिवस मात्र अपवाद आहे. त्या मऊ उजेडांत दुपारींही पांखराचा प्रत्येक केंस मोजतां येतो.

आतां घरट्यांचा प्रश्न. येथें चित्र चुकण्यापेक्षां मोठें नुकसान होऊं शकतें, म्हणून थोडें थांबणें आवश्यक आहे.

टिटवी आपलीं चार अंडीं उघड्या माळावर, खड्यांमधील उथळ खळग्यांत घालते. ना काडी, ना कापूस. अंड्यांचा रंग मातीशीं इतका मिळून जातो कीं पाय पडेपर्यंत तीं दिसत नाहींत. तिचा विणीचा काळ ऐन उन्हाळ्यांत सुरू होतो आणि दख्खनच्या माळावरची जमीन त्या दिवसांत भाजून निघालेली असते. अशा वेळीं अंड्यांवर बसणें हें ऊब देण्यासाठीं नसून सांवली देण्यासाठीं असतें. नर आणि मादी पाळीपाळीनें बसतात. जवळच्या पाणवठ्यावर जाऊन पोटाचीं पिसें भिजवून येतात आणि त्या ओलाव्यानें अंडीं निववितात. आतां कल्पना करावी कीं, एक हौशी गृहस्थ वैशाखांतल्या सकाळीं अकरा वाजतां तेथें पोंचले. टिटवी उठून डोक्यावर ओरडत घिरट्या घालूं लागली. गृहस्थांस तें दृश्य फार आवडलें. ते पंधरा पावलांवर मांडी ठोकून बसले, टिटवी परत येईल तेव्हां छान चित्र मिळेल म्हणून. ती येत नाहीं, कारण ते उठत नाहींत. अर्धा तास जातो, पाऊण तास जातो. चाळीस अंशांहून अधिक उष्णता कांहीं काळ टिकली तर अंड्यांतील जीव शिजून मरतो. गृहस्थ घरीं येतात तेव्हां त्यांच्याजवळ ओरडणाऱ्या टिटवीचें खरोखरच सुंदर चित्र असतें, आणि आपण काय केलें याची त्यांस गंधवार्ताही नसते. दुष्टपणा कोठेंच नाहीं. नुसतें अज्ञान आहे, पण चार जीव गेले ते गेलेच.

झाडावरच्या घरट्याची गोष्ट निराळी दिसते, परंतु तितकीच वाईट आहे. चित्रांत आड येणारी फांदी बाजूस बांधून ठेवावी, चार पानें खुडावीं, असा मोह होतो. तीं पानें म्हणजे घरट्याचें छप्पर व पडदा असतो. पडदा गेला कीं ऊन आंत शिरतें आणि कावळा किंवा भारद्वाज वरून पिलें हेरतो. कावळा तर माणसाच्या वावरावर डोळा ठेवून असतो. माणूस जेथें वारंवार जातो तेथें तोही जाऊन पाहतो. भारतांतील १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत शिकारीची जी व्याख्या आहे, तींत संरक्षित वन्य पक्ष्यांचीं अंडीं वा घरटीं यांस उपद्रव देणें याचाही समावेश केलेला आहे, ही गोष्ट फार थोड्या हौशी मंडळींस माहीत असते. छायाचित्रांच्या कित्येक स्पर्धाही आतां घरट्यांवरचीं चित्रें घेत नाहींत. नवशिक्यानें घरट्याच्या वाटेस जाऊंच नये. घरटें अवचित दिसलें तर मागल्या पावलीं फिरावें.

पांखरूं कधीं आपला हिशेब स्वतःच चुकता करितें. एरिक हॉस्किंग हा इंग्रज छायाचित्रकार १९३७ मध्यें वेल्समध्यें एका घुबडाच्या घरट्याजवळ रात्रीं लपणाकडे जात असतां घुबडानें अंधारांतून झेप घातली व नखी डाव्या डोळ्यांत रोंवली. डोळा गेला. हॉस्किंगनें छायाचित्रण सोडलें नाहीं. पुढें अनेक दशकें तो एका डोळ्यानें पांखरें टिपीत राहिला, आणि १९७० मध्यें निघालेल्या आत्मचरित्राच्या नांवांतही त्यानें त्या डोळ्यावर कोटी केली.

घोळक्यानें राहणाऱ्या पांखरांच्या बाबतींत वेगळी दक्षता लागते. ठाण्याच्या खाडींत हिंवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्ष्यांचे थवे चिखलांत चरत असतात. २०१५ मध्यें तेथें अभयारण्य झालें, आणि २०२२ मध्यें रामसर करारान्वयें महत्त्वाच्या पाणथळ जागांत खाडीची गणना झाली. थवा एकदम उडाला म्हणजे पंखांखालचा गुलाबी व काळा रंग उघडा पडतो, आणि तेंच चित्र सर्वांस हवें असतें. म्हणून नावाड्यास नाव थव्यांत घालण्यास सांगणारे लोक निघतात. ओहोटीच्या मोजक्या तासांतच त्या पक्ष्यांस चरतां येतें. त्या वेळांत पुन्हां पुन्हां उडावें लागलें, तर मिळविलेलें अन्न उडण्यांतच खर्ची पडतें. नाव दूर थांबवून वाट पाहिल्यास थवा केव्हांतरी आपण होऊन उठतोच. नावाड्यास आधींच तसें बजावून ठेवावें, कारण गिऱ्हाईक खुश व्हावें म्हणून तो बिचारा घाई करीत असतो.

राहिली सामग्रीची निगा. कोंकणांत व मुंबईंत कॅमेऱ्याचा खरा शत्रु धूळ नसून बुरशी होय. पावसाळ्यांत बंद कपाटांत, कातडी पिशवींत ठेवलेल्या लेन्सच्या आंत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु पसरतात व कांचेवरील लेप खाऊन टाकतात. मग पुसून उपयोग नाहीं. कातडें व कापड ओल धरून ठेवितात, म्हणून चार महिने लेन्स पिशवींतून बाहेर काढावी आणि रबरी कडेच्या घट्ट डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. डब्यांत आर्द्रतामापक टाकून कांटा ४० ते ५० टक्क्यांत राखावा. रंग पालटलेल्या पुड्या वाळवाव्या किंवा बदलाव्या. त्यांच्या ऐवजीं तांदळाच्या डब्यांत कॅमेरा पुरण्याचा जो घरगुती उपाय सांगतात, त्यानें कॅमेऱ्याच्या सांधींत पीठ मात्र जातें. थंड केलेल्या खोलींतून दमट हवेंत कॅमेरा एकदम उघडूं नये. अर्धा तास पिशवींतच राहूं द्यावा, म्हणजे कांचेवर दंव धरत नाहीं.

घरीं आल्यावर प्रत्येक चांगल्या चित्राखालीं पांखराचें नांव, तारीख, वेळ, ठिकाण व तें काय करीत होतें हें लिहून ठेवावें. ठिपक्याएवढा खंड्यासुद्धां तारखेसह असला तर कामास येतो. चित्र इतरांस दाखवितांना मात्र ठिकाणाच्या जागीं तालुक्याचें नांव पुरे.